हुरड्याला लहान पोरं घेऊन निघालात? कपड्यांचा दुसरा जोड घेतलात का?

पाणी, टोप्या, चटई, ओले टिश्यू हे सगळं तुम्ही घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही. प्रत्येक पोरासाठी कपड्यांचा पूर्ण दुसरा जोड पिशवीत टाकलाय का, तेवढं सांगा. पूर्ण म्हणजे चड्डी-बनियन आणि मोज्यांसकट. "सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, एवढं ओझं कशाला?" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे ते मीच म्हणाले होते. मग मंगळवेढ्याहून सोलापूरपर्यंतचे पंचावन्न किलोमीटर मागच्या सीटवर दोघंही मान, पाठ, काखा खाजवत भोकाड पसरून बसले. अंगावरचे कपडे काढून टाकावेत तर घालायला दुसरं काही नाही, आणि बाहेर जानेवारीतला संध्याकाळचा गारठा.

हे होतं कुसेमुळं. जोंधळ्याच्या, म्हणजे ज्वारीच्या, दाण्याभोवती जी बोंडं असतात त्यांच्यावर बारीक लव असते, तीच कूस. कणीस आगटीत, म्हणजे गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्यात, भाजलं, गरम असतानाच गोणपाटात धरून चोळलं आणि सुपात पाखडलं की ही लव, बोंडांचा भुगा आणि राख असं सगळं वाऱ्यावर उडतं. आगटीभोवती जो बसेल त्याच्या अंगावर ते येतंच. मोठ्यांना एवढं जाणवत नाही. पोरांची कातडी नाजूक असते, ती पळून घामेजलेली असतात, कॉलरच्या आत आणि कमरेच्या इलॅस्टिकपाशी कूस चिकटून बसते. हात-तोंड धुऊन ती जात नाही, कारण ती कपड्यात असते. म्हणून दुसरा जोड.

आता घालून जायचे कपडे. पूर्ण बाह्यांचा, जुना, सुती शर्ट आणि पूर्ण पँट. गळ्याभोवती रुमाल. मुलींच्या घट्ट वेण्या घालून वरून स्कार्फ बांधा, केसात शिरलेली कूस दोन दिवस निघत नाही. संक्रांत जवळ असते म्हणून काळा जाळीचा फ्रॉक, कुंदन लावलेलं जाकीट असलं काही फोटोसाठी घालू नका. जाळीत अडकलेलं बोंड एकेक करून चिमट्यानं काढावं लागतं. स्वेटरचं तर विचारूच नका. सकाळी निघताना थंडी असते, स्वेटर लागतोच, पण शेतावर पोहोचलात की तो काढून गाडीत ठेवा आणि गाडीतच राहू द्या. लोकर कूस धरून ठेवते आणि तोच स्वेटर परतीला पोराच्या अंगावर चढवलात तर दुसरा जोड आणून काही उपयोग नाही. दुपारी ऊन तिशीच्या घरात जातं, स्वेटरची गरज पडत नाही.

कधी जायचं? रब्बीचा जोंधळा सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, त्यामुळं हुरडा डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होतो आणि जानेवारीअखेरपर्यंत, कुठं कुठं फेब्रुवारीतही मिळतो. पण एका शेतात तो जेमतेम आठ-दहा दिवसच असतो. दाणा आधी नुसता दुधाळ असतो, पुढं टणक होतो, मधल्या तेवढ्या दिवसांतलाच खरा. म्हणून शेतकऱ्याला आदल्या दिवशी फोन करून "कणीस आलंय का?" एवढंच विचारू नका, "दाणा अजून दुधाळ आहे का टणक व्हायला लागलाय?" असं विचारा. सुरती, गूळभेंडी, कुचकुची हे खास हुरड्याचे वाण. गोड असतात आणि दाणा बोंडातून पटकन सुटतो. मालदांडी भाकरीसाठी राजा आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही. पण हुरड्याला मी सुरतीच मागते. सहज सुटणारा दाणा म्हणजे चोळणं कमी, आणि चोळणं कमी म्हणजे कूसही कमी.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, साधारण १२ ते १६ जानेवारी, शहरातून गाडी बाहेर काढायचीच असेल तर पहाटे काढा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम यात रस्ते वळवलेले असतात. त्यातही दमलेल्या, खाजवणाऱ्या पोरांना घेऊन दारूकामाच्या संध्याकाळी परत शहरात शिरू नका. एका दिवशी दोन्ही होत नाही. अक्कलकोटकडं किंवा दक्षिण सोलापुरात कुणी पाहुणे असतील तर वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, जा. भज्जी, उंडे, आंबील हे खाणं आणि बसायला कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, हे सगळं आयतं मिळतं, आणि पोरांना शेताची पूजा बघायला मिळते. फक्त त्या दिवशी अख्खा तालुका रस्त्यावर असतो.

पैसे देऊन जायचं असेल तर ताटाचा दर सगळेच विचारतात. तुम्ही हे विचारा: विहिरीला कठडा आहे का? शेततळं आहे का, आणि त्याला कुंपण आहे का? शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही. पोर एकदा घसरलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही, मोठ्या माणसालाही अवघड जातं. कुंपण नसेल तर एका मोठ्या माणसाचं त्या दिवसाचं काम फक्त पोरं मोजणं हे. हुरडा त्यानं नंतर खावा. यात मला कुणाची गंमत ऐकायची नाही. स्पीकर लावून नाचगाणी असलेली ठिकाणं पण निघालीत, तिथं पोरं आवाजानंच पिसाळतात. चुलत्याच्या शेतात पडक्या खोपीपाशी बसणं त्यापेक्षा कधीही बरं.

आगटीचं एक ध्यानात ठेवा. खड्ड्यातल्या गोवऱ्या वरून पांढऱ्याफटक, विझल्यासारख्या दिसतात. काडीनं नुसती राख सरकवली तर खाली लालबुंद निखारा असतो. पोरांना ती राख वाळूच्या ढिगासारखी वाटते, ती पाय घालायला जातात. म्हणून चपला नकोत, बंद बूट. बूट कडब्याच्या गंजीपाशीही कामाला येतात, तिथं विंचू-किरडू असतं. भाजलंच तर पंधरा-वीस मिनिटं साधं गार पाणी ओता. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका आणि फोड आला तर दवाखाना गाठा. आगटी कुठं आहे आणि वारा कुठून येतोय ते बघून वारा जिकडून येतो त्या बाजूला चटई अंथरा, धूर आणि कूस दोन्ही तुमच्यापासून लांब जातात. दम्याचं पोर असेल तर त्याचा पंप तुमच्या खिशात हवा, गाडीच्या डिकीत नको.

डोळ्यात कूस गेली तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाणी मारा. अंग खाजायला लागलं की पाठ खसाखसा पुसू नका, त्यानं ती आणखी रुतते. कपडे उतरवा, नळाखाली अंगावर पाणी ओता, टॉवेलनं टिपून घ्या, थोडं खोबरेल लावा, आणि आता कोरडे कपडे घाला. कुठले? तेच, जे आणायला मी वरपासून सांगतेय. टॉवेल आणि खोबरेलाची बाटलीही त्याच पिशवीत. उतरवलेले कपडे बांधायला एक मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या, नाहीतर ते सीटवर पडतात आणि सीट खाजायला लागते.

खाण्याचं. हुरड्याबरोबर शेंगाची चटणी, दही, गूळ, गोडी शेव, रेवड्या, भरीत-भाकरी असतंच. चार-पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खे शेंगदाणे, अख्खी बोरं, कडक रेवड्या देऊ नका, घशात अडकतात. हुरडा थोडा चुरगळून, दह्यात कालवून, मूठभर द्या. धावता धावता तर अजिबात नाही. मूठभरच का? कोवळा दाणा जड असतो, आणि "अजून घे की" म्हणणारी आत्या प्रत्येक शेतात एक असतेच. हुरड्यावर पाणी पिऊ नये म्हणतात, मोठ्यांनी ताक प्यावं, पोराला तहान लागली तर पाणी द्या, कशाला रडवायचं. त्याचा रोजचा डबा, वरण-भात किंवा जे काही, सोबत असू द्या. हुरडा दिसायला हिरवा असतो आणि हिरवं म्हटलं की निम्मी पोरं तोंड फिरवतात.

धाटं चघळायचा उद्योग बंद. ऊस समजून पोरं जोंधळ्याचं धाट तोडतात, त्यातही बुडाशी फुटलेले कोवळे पोंगे त्यांना गोड वाटतात. त्या पोंग्यात विषारी द्रव्य असतं, कोवळा जोंधळा खाऊन जनावरं दगावतात ते त्यानंच. पोरांना ऊस हवा तर ऊसच सोलून द्या.

शेतात बोरन्हाण घालायची टूम निघालीय. घाला. पण बोरं, चुरमुरे, हलवा मातीत पडणार आणि मातीसकट तोंडात जाणार, तेव्हा खाली स्वच्छ चादर हवी. आणि बोरन्हाणाचे कपडे, हलव्याचे दागिने हे सगळं आगटी पेटायच्या आधी आटपून बॅगेत परत. तो नवा झगा म्हणजे तुमचा दुसरा जोड नव्हे. कृपा करून तसा हिशोब धरू नका, जरीत गेलेली कूस सुती कपड्यातल्यापेक्षा वाईट.

पाखरं राखायची गोफण पोरांच्या हाती देऊ नका, दगड कुठंही जातो. त्यांना डबा वाजवू द्या, तेवढ्यावर ती खूश असतात. बैलगाडीत बसवलंत तर पाय आत. नान्नजच्या बाजूला गेलात तर बार्शी रस्त्यावर माळावर काळवीट दिसतात, गाडी थांबवून दाखवा. माळढोक पक्षी दिसेलच असं मात्र पोरांना आधी सांगून बसू नका, नंतर तुम्हालाच ऐकावं लागेल.

परतीला चार वाजताच उठा. अंधार पडला की थंडी वाजते, पोरं चिडतात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. गाडीत बसायच्या आधी कपडे बदला, नंतर नाही.

घरी आंघोळ, केस धुणं. कपडे गॅलरीत झटकून वेगळे भिजवा, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये टाकू नका. उरलेला हुरडा त्याच रात्री फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर राहिला तर सकाळपर्यंत आंबतो. दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, कोथिंबीर घालून थालीपीठ लावा. चार-पाच दिवसांनी लागणार असेल तर सरळ फ्रीजरमध्ये टाका.