गाडी वर्कशॉपला, मालक गावात: चारच्या फोनची तयारी

सकाळी नऊला गाडी शोरूमच्या वर्कशॉपला लावायची, एसटीनं गावी परतायचं आणि दुपारी चारला फोन येतो: "भाऊ, पुढचे ब्रेक पॅड संपले, एसीचा गॅसही कमी दिसते. टाकून देऊ का? नाहीतर गाडी उद्यावर जाईन." धारणीचा माणूस अमरावतीत गाडी टाकून आलेला असतो, सिरोंच्याचा थेट गडचिरोलीत. उद्या पुन्हा तेवढा फेरा कोण मारणार? तो म्हणतो, "टाका." बिल फुगतं ते या एका शब्दावर. शहरातला गिऱ्हाईक संध्याकाळी जाऊन सुटा भाग डोळ्यांनी बघू शकतो, तुम्ही नाही. म्हणून चारच्या फोनचं उत्तर सकाळी नऊलाच कागदावर उतरवून यायचं.

तो कागद म्हणजे जॉबकार्ड. अ‍ॅडव्हायझर (गाडी ताब्यात घेऊन काम लिहून घेणारा शोरूमचा माणूस) टॅबवर बोटं फिरवतो आणि "सही करा" म्हणतो. वाचल्याशिवाय करू नका. किलोमीटरचा आकडा, टाकीतलं इंधन, आधीचे ओरखडे, अंदाजे खर्च आणि गाडी देण्याची वेळ, एवढं त्यात हवंच. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "सस्पेन्शन चेक" असं लिहिलं की काहीही बदलायला मोकळीक मिळते. "पांदण रस्त्यावर 20 च्या वेगात डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड, डांबरी रस्त्यावर नाही" असं लिहिलं तर त्यांना तोच आवाज शोधावा लागतो आणि तो गेला की नाही हे तुम्हालाही तपासता येतं. खाली तीन वाक्यं हातानं लिहा:

"अंदाजापेक्षा जास्तीचं कोणतंही काम माझ्या लेखी होकाराशिवाय करू नये; व्हॉट्सअ‍ॅप चालेल. बदललेले सर्व जुने भाग परत द्यावेत. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन नको."

त्याचा फोटो काढून घ्या. जुने भाग आधी मागितले नाहीत तर संध्याकाळी "भंगारात गेले" हे उत्तर ठरलेलं. वॉरंटीत बदललेला भाग मात्र कंपनीकडे परत जातो, तो मागून मिळत नाही, फोटो मागा.

गाडी सोडण्याआधी पाच मिनिटं बॉनेट उघडा. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि बॅटरीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या, शक्यतो पटकन न दिसेल अशा जागी. बिलात नवा फिल्टर लागला आणि ठिपका जागेवरच असला, तर वाद घालायची गरजच उरत नाही. बॅटरीचा सिरियल नंबर आणि पाचही टायरवरचा चार आकडी कोड मोबाइलमध्ये टिपा. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी मोजायला विसरू नका; ती डिकीत असते म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता तो फोन. तोंडी होकार द्यायचा नाही. "फोटो आणि दर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, बघून सांगतो" एवढंच म्हणायचं. फोटोत काय दिसायला हवं, ते भागागणिक वेगळं.

ब्रेक पॅडचा नुसता फोटो उपयोगाचा नाही, शेजारी पट्टी ठेवून मागा. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 मिलिमीटर असतो. 3 वर आला की बदलायचा. 6 उरले असतील तर तुमच्या वापराप्रमाणे अजून काही महिने सहज निघतात. डिस्क बदला म्हणाले तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी आणि मोजलेली जाडी, दोन्ही विचारा.

बॅटरीसाठी मल्टिमीटरचा आकडा मागा. गाडी बंद करून काही तास झाल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 हवेत. ते 13 च्या खाली असतील तर दोष आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग), बेल्ट किंवा वायरिंगकडे असू शकतो, आणि नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते हे खरं, पण म्हणून सांगितली की बदलायची असं नाही.

एसीचा गॅस हा एप्रिल-मे महिन्यातला हमखास धंदा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळीत फिरतो. बराच कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात तोच फोन पुन्हा येईल. म्हणून गळती कुठे सापडली ते विचारा, नायट्रोजनच्या दाबानं किंवा रंग सोडून ती दाखवता येते. लहान गाडीत एकूण गॅसच 350 ते 500 ग्रॅम बसतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. बिलात त्याहून जास्त ग्रॅम दिसले तर बोट ठेवा. आणि गाडी नेण्याआधी एक गोष्ट घरीच करा. सोयाबीन-तुरीच्या मळणीनंतर कंडेन्सरच्या, म्हणजे रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीत कुटार आणि धूळ चिकटून बसते आणि एसी गार करत नाही. इंजिन थंड असताना साध्या पाइपनं, कमी दाबाच्या पाण्यानं जाळी धुवा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

एअर फिल्टरबाबत मात्र वर्कशॉप बरेचदा खरं बोलतं. मॅन्युअलमधला 40,000 किलोमीटरचा आकडा डांबरी रस्त्यासाठीचा, रोज धुळीच्या पांदणीनं जाणाऱ्या गाडीसाठी नाही. फिल्टर काढून मागे मोबाइलचा टॉर्च धरा. घड्यांमधून उजेड आला तर झटकून चालतो, नाही आला तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलक्या दाबानं, नाहीतर कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग ही अ‍ॅडव्हायझरच्या टार्गेटची कामं. मॅन्युअलच्या शेवटी मेंटेनन्सचा तक्ता असतो; त्यात जे नाही ते करायला नकार द्या. ब्रेक ऑइल तक्त्यात आहे, साधारण दोन वर्षांनी बदलायचं, त्यात काटकसर नको.

बिल हातात आलं की पैसे देण्याआधी तीन ठिकाणी बघा. पहिलं ऑइल. लहान पेट्रोल गाडीला फिल्टरसकट साधारण 3 ते 3.7 लिटर लागतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. 3.1 लागत असताना 4 लिटर लावले असतील तर उरलेलं ऑइल डब्यात मागा. गाडी सपाट जागी बंद करून पाच मिनिटांनी ऑइलची पट्टी बघा. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइलही वाईटच. दुसरं, सुट्या भागांची किंमत. पाकिटावरच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. एमआरपी लिहून त्यावर पुन्हा 18 टक्के चढवले असतील तर ते चूक आहे. पाकिटं मागून घ्या. तिसरी मजुरी. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे "क्लच ओव्हरहॉल" आणि "गिअरबॉक्स काढणे-बसवणे" अशा दोन ओळी दिसल्या तर एकच काम दोनदा लावलं का ते विचारा. फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल-फिल्टर नाही. इथे उगाच भांडण नको. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा, महाराष्ट्रात 27 नं सुरू होणारा. तो नसलेल्या "कच्च्या" बिलावर पैसे देऊ नका, पुढे ते कुठेच चालवता येत नाही.

पटलं नाही तरी गाडी ओढून नेता येत नाही. सांगितलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वाहन अडवून ठेवायचा हक्क कायद्यानं वर्कशॉपला आहे. पैसे ऑनलाइन भरा आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: "अमुक कामाबद्दल हरकत ठेवून रक्कम भरली." तिथल्या तिथे वर्क्स मॅनेजरला भेटा. अ‍ॅडव्हायझरच्या हातात नसलेली सूट बरेचदा त्याच्या हातात असते.

"बाहेर काम केलं तर वॉरंटी गेली" ही धमकीही ऐकू येईल. 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं सुटे भाग बाहेर न विकण्याबद्दल 14 वाहन कंपन्यांना एकत्रित सुमारे 2,545 कोटींचा दंड केला आणि बाहेरच्या मिस्त्रीकडे गेल्यामुळे सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका असंही सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे त्या आदेशाच्या भरवशावर वॉरंटीतली गाडी बिनधास्त बाहेर खोलू नका. वॉरंटी संपेपर्यंत इंजिन-गिअरबॉक्स शोरूमकडे, पंक्चर-बॅटरी-वायपर गावात, असा हिशेब ठेवला की झालं. उंदरानं कुरतडलेली वायर वॉरंटीत बसत नाही, तिथे कोणीच फसवत नाही.

दाद न लागल्यास आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला जॉबकार्ड नंबरासह ईमेल, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टनं, पोच जपून. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूम नागपुरात असलं तरी. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आयोगापुढे "गाडी बिघडवली" एवढं पुरत नाही, काय चुकलं ते सिद्ध करावं लागतं. म्हणून ती गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडून खोलून घेण्याआधी फोटो काढा आणि काय आढळलं ते त्याच्या लेटरहेडवर, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या.