लॅपटॉपमध्ये ४जी-५जी मोडेम कार्ड बसवताय? या चुका टाळा

मोडेम कार्ड म्हणजे सिम घालून लॅपटॉपला थेट मोबाइल नेट देणारं कार्ड. ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून जी मोडेम कार्डं परत केली जातात, त्यातली बरीचशी धडधाकट असतात. चूक स्क्रू लावण्याच्या आधीच झालेली असते. लॅपटॉपमध्ये अँटेनाच्या तारा नसतात, कार्ड दुसऱ्याच देशाच्या बँडचं (रेडिओ लहरींच्या पट्ट्याचं) असतं, नाहीतर स्लॉट एसएसडीचा असतो. मग माणूस दोन दिवस ड्रायव्हर उलटसुलट करत बसतो. त्यापेक्षा पैसे देण्याआधी अर्धा तास काढलेला बरा.

‘सिम स्लॉट आहे’ यावर विसंबून खरेदी करणं

ऑफिसांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे मिळतात आणि ‘सिमची सोय आहे’ असं सांगून विकले जातात. ही सोय तीन गोष्टींची मिळून होते: मदरबोर्डवर मोडेमचा स्लॉट, स्क्रीनच्या कडेपासून त्या स्लॉटपर्यंत आलेल्या अँटेनाच्या दोन तारा, आणि आत खरोखर संपर्कपट्ट्या असलेला सिमचा ट्रे. कंपन्या एकच मदरबोर्ड अनेक आवृत्त्यांत वापरतात. त्यामुळे स्लॉट असतो पण तारा घातलेल्याच नसतात, किंवा ट्रेच्या जागी नुसता प्लास्टिकचा तुकडा असतो.

ट्रे काढून टॉर्चने आत पाहा. सोनेरी पट्ट्या दिसल्या पाहिजेत. मग खालचं झाकण उघडून मोडेमच्या स्लॉटजवळ टेपने चिकटवलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत टोकं झाकलेल्या दोन मोकळ्या तारा शोधा. अनेक मॉडेलांत त्या लाल-निळ्या असतात, पण रंगावर पैज लावू नका. त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून खात्री करा. तारा नसतील तर नंतर घालता येतात, मात्र त्यासाठी स्क्रीनची चौकट आणि बिजागरी खोलावी लागते. सवय नसलेल्या हाताने पॅनेल फुटण्याची शक्यता बरीच असते.

एम-डॉट-टू म्हणजे सगळं सारखंच, असं समजणं

एम.२ हे फक्त कार्डाच्या आणि स्लॉटच्या घडणीचं नाव. वाय-फायचं कार्ड बहुधा २२३० मापाचं, एसएसडी बहुधा २२८० मापाची, आणि ४जी मोडेम बहुतेक ३०४२ मापाचं असतं. पहिले दोन अंक म्हणजे रुंदी, नंतरचे दोन लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मोडेम ३० मिलिमीटर रुंद असल्यामुळे २२ मिलिमीटरच्या जागेत ते मावतच नाही. ५जी कार्डं बहुतेक ३०५२ असतात, म्हणजे ४जी कार्डापेक्षा १० मिलिमीटर जास्त लांब. ४जीसाठी केलेल्या जागेत त्यांचं स्क्रूचं भोक खुंटीवर येत नाही, तिच्या पुढे जातं. वाकवून बसवायच्या भानगडीत पडू नका.

दुसरी गोष्ट कार्डाच्या टोकाला असलेल्या खाचेची. मोडेमला ‘बी’ खाच लागते, वाय-फायला ‘ए’ किंवा ‘ई’, वेगवान एसएसडीला ‘एम’. खाच जुळली तरी काम संपत नाही, कारण बहुतेक ४जी कार्डं यूएसबीच्या तारांवर बोलतात, तर काही ४जी आणि बरीच ५जी कार्डं पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जोडणीवर. स्लॉटमध्ये त्यातल्या कोणत्या तारा आणल्या आहेत हे मॉडेलवर ठरतं. बाहेरून दिसायला स्लॉट तोच, पण यूएसबीच्या तारा जोडलेल्याच नसतील तर कार्ड कधीच दिसणार नाही. याच कारणाने एसएसडीच्या यूएसबी डबीत मोडेम कार्ड चालत नाही.

डेस्कटॉप किंवा मिनी पीसीला मोडेमसाठीच बनवलेला बी-खाचेचा अडॅप्टर घ्या. त्यावर सिमचा स्लॉट हवा आणि मदरबोर्डच्या यूएसबी पिनांना जोडणारी केबल हवी. स्वस्त अडॅप्टरांत एक दोष असतो. कार्डाची ६ नंबरची पिन वर ओढलेली, म्हणजे चालू पातळीवर, असावी लागते. काही अडॅप्टरांत ती तशीच सोडलेली असते आणि कार्ड बंदच राहतं. वीज बरोबर आहे, कार्ड गरमसुद्धा होत नाही, यादीतही येत नाही, अशा वेळी पहिला संशय या पिनवर घ्या.

बँड न पाहता कार्ड घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, कारण कार्ड बसतं, दिसतं, सिमही ओळखतं आणि तरी गावात नेटवर्क धरत नाही.

जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेल १, ३, ८ आणि ४० वापरतं. बीएसएनएलच्या ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आणि २१०० चा बँड १ महत्त्वाचे. आता सिएरा वायरलेस या मोडेम कंपनीची दोन भावंडं पाहा. ईएम७४५५ हे कार्ड जुन्या बाजारात भरपूर मिळतं, पण त्यात बँड ४० नाही आणि २८ सुद्धा नाही. जिओवर ते ३ आणि ५ वर चालेल, पण जिथे भार ४० वर आहे तिथे वेग पडेल, आणि बीएसएनएलचा ७०० त्याला दिसणारच नाही. त्याच मालिकेतलं ईएम७४३० आशियासाठीचं आहे, त्यात २८ आणि ४० दोन्ही आहेत. क्वेक्टेल या दुसऱ्या कंपनीच्या ईसी२५ चंही तसंच: ‘ई’ आवृत्तीत १, ३, ५, ८, ४० आहेत, तर ‘ए’ आवृत्ती अमेरिकेच्या २, ४, १२ या बँडांची. ती इथे ४जीला निरुपयोगी. म्हणून जाहिरातीतलं नाव नको, स्टिकरवरच्या पूर्ण मॉडेल नंबरचा फोटो मागवा आणि त्या नंबरची बँडची यादी वाचा.

जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच, तेव्हा जुन्या लॅपटॉपमधलं ३जी कार्ड तिथे कामाचं नाही. ५जी घेत असाल तर आणखी एक पाहा. जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं आहे, एन२८ आणि एन७८ या ५जी बँडांवर. सुरुवातीच्या काही कार्डांत किंवा त्यांच्या फर्मवेअरमध्ये (कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ही पद्धत बंद असते, आणि ती कार्डं ४जीवरच अडकून राहतात.

लॅपटॉपचं कुलूप विसरणं

काही कंपन्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मान्य कार्डांची यादी असते. जुन्या थिंकपॅडमध्ये यादीबाहेरचं कार्ड लावलं की १८०२ हा एरर येतो आणि मशीन पुढे सुरूच होत नाही. इथे ड्रायव्हरचा काही संबंध नाही. त्या मॉडेलच्या पार्ट नंबरचंच कार्ड घ्यावं लागतं. बायोस सेटिंगमध्ये ‘वायरलेस वॅन’ (मोडेमचा पर्याय) बंद करून ठेवलेलं असतं तेही तपासा. ऑफिसचे आयटीवाले ते हमखास बंद करतात.

लिनक्सवर वेगळं कुलूप भेटतं. काही कार्डं कारखान्यातून रेडिओ बंद ठेवून येतात आणि लॅपटॉपने ठरावीक खूण दिल्यावरच उघडतात. याला एफसीसी लॉक म्हणतात. मोडेममॅनेजर या लिनक्सच्या मोडेम सांभाळणाऱ्या सेवेच्या १.१८.४ आवृत्तीपासून हे कुलूप आपोआप उघडणं बंद झालं. स्क्रिप्ट सोबत येतात, पण आपल्या कार्डाची स्क्रिप्ट चालू ठेवायच्या स्क्रिप्टांच्या फोल्डरमध्ये आपण स्वतः लिंक करावी लागते. कार्ड दिसतं, सिम दिसतं, पण ‘एनेबल’ केलं की नकार मिळतो, तेव्हा हेच पाहा.

बसवताना होणारं नुकसान

लॅपटॉप नुसता ‘शट डाउन’ करून झाकण उघडू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर मशीन पूर्ण बंद झालेलं नसतं. ते आधी बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर बॅटरीची वायर सोडवा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग हात लावा. कार्ड सुमारे ३० अंशांच्या तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवा, मग खाली दाबून स्क्रू लावा. सोनेरी पट्ट्यांची जाड रेघ बाहेर दिसत असेल तर कार्ड अर्धंच बसलंय.

खरं नाजूक काम अँटेनाचं. एम.२ कार्डावरचं अँटेनाची तार लावायचं एमएचएफ४ कनेक्टर जेमतेम २ मिलिमीटरचं असतं आणि कंपनी ते साधारण ३० वेळा लावण्या-काढण्यापुरतंच टिकेल असं धरते. चिमट्याने तार धरून टोक बरोबर वर आणा, सरळ आहे का हे बाजूने पाहा, मग बोटाच्या नखाने उभा दाब द्या. बारीकसा ‘टक’ जाणवतो. तो नाही जाणवला तर जोर वाढवू नका. उचलून पुन्हा जागेवर आणा. तिरकं दाबलं की मधला पातळ कडा वाकतो आणि मग ते टोक कधीच घट्ट बसत नाही. काढताना तार ओढायची नाही, टोकाच्या कडेखाली पातळ हत्यार घालून वर उचलायचं. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांचं कनेक्टर याहून मोठं असतं. त्याची तार इथे बसत नाही.

कार्डावरचे ‘मेन’ (मुख्य) आणि ‘ऑक्स’ (साहाय्यक) हे दोन अँटेना उलटे लावले किंवा एकच तार लावली तर काय होतं हे समजून घ्या. पाठवायचं काम मुख्यतः मेनवरून होतं, ऑक्स ऐकायला मदत करतो. मेनची तार निसटली तर ऑक्समुळे सिग्नलच्या काड्या दिसत राहतात, पण नोंदणी होत नाही किंवा होऊन तुटते. काड्या दिसतात आणि नेट नाही, ही तक्रार आली की सेटिंगच्या आधी मेनचं टोक तपासा.

मशीन धातूच्या डब्यात असेल तर अँटेना आत ठेवून चालत नाही, बाहेर काढावा लागतो. इथे एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेनाच्या दोन कनेक्टरांची गल्लत होते. आटे दोन्हींचे सारखे, फिरवल्यावर बसतातही, फरक मधल्या पिनेत. ४जी अँटेनाच्या टोकात मधे पिन असते, तर वाय-फाय राउटरच्या अँटेनाच्या टोकात भोक. वाय-फायचा अँटेना ४जीच्या सॉकेटवर लावला तर भोकासमोर भोक येतं आणि मधली तार जोडलीच जात नाही. ४जीचा अँटेना वाय-फायच्या सॉकेटवर लावला तर पिनेवर पिन आदळून वाकते. बारीक आरजी-१७४ केबलची लांबीही मोजून ठेवा. १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास ५ मीटरमध्ये अर्ध्याहून जास्त ताकद केबलमध्येच जिरते.

वीज कमी पडणं

यूएसबी अडॅप्टरवरचं कार्ड दिसतं, डाउनलोड सुरू केलं की गायब होतं, परत येतं. हे विजेचं लक्षण आहे. कमजोर सिग्नलला कार्ड जास्त ताकदीने पाठवतं आणि क्षणभर २ अँपिअरच्या आसपास ओढू शकतं. साधं यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरचं, यूएसबी ३ चं ९०० चं. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाची चारही पोर्टं मिळून १.२ अँपिअर देतात, आणि त्याला स्वतःला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लागतो. मोडेमला वेगळी वीज असलेला हब किंवा बाहेरून वीज घेणारा अडॅप्टर द्या, बारीक लांब केबल टाळा.

शोधाचा क्रम न पाळणं

‘एटी’ने सुरू होणाऱ्या खालच्या कमांड मोडेमच्या सिरियल पोर्टवर टाकायच्या असतात. त्या अक्षरागणिक उच्चाराने लिहिल्या आहेत, टाइप रोमन लिपीत करायच्या. लिनक्सवर मोडेममॅनेजर चालू असताना स्वतः सिरियल पोर्टवर कमांड टाकू नका. दोघंही एकाच पोर्टवर बोलतात आणि उत्तरं तुटक येतात. आधी ती सेवा थांबवा.

पहिलं, कार्ड यूएसबीच्या किंवा पीसीआयच्या यादीत आहे का? नसेल तर इथेच थांबा. स्लॉट, वीज, बायोस पाहा. असेल पण विंडोजमध्ये ‘सेल्युलर’ येत नसेल, तर कार्ड दुसऱ्या मोडमध्ये असतं. विंडोजला एमबीआयएम हा मोड लागतो. क्वेक्टेलच्या अनेक कार्डांत एटी+क्यूसीएफजी="यूएसबीनेट",२ ने ते बदलतं, ० म्हणजे क्यूएमआय, १ म्हणजे ईसीएम. कार्ड रीस्टार्ट केल्यावरच बदल लागू होतो.

दुसरं, एटी+सीपीआयएन? ला ‘रेडी’ उत्तर हवं. एरर १० म्हणजे सिम सापडलं नाही, ११ म्हणजे सिमचा पिन मागतंय. ई-सिम असलेल्या लॅपटॉपमध्ये कार्ड ई-सिमचाच स्लॉट धरून बसतं आणि तुमचं खरं सिम त्याला दिसत नाही. स्लॉट बदलून पाहा.

तिसरं, सिग्नलची ताकद सांगणारी एटी+सीएसक्यू. पहिला आकडा ० ते ३१, आणि ९९ म्हणजे काहीच मोजता आलं नाही. आकडा दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतं, म्हणजे १५ ला उणे ८३. ४जीला मात्र आरएसआरपी (४जी सिग्नलच्या ताकदीचं माप) पाहावा. उणे ९० पर्यंत छान, उणे ११० च्या खाली कुरकुर सुरू.

चौथं, नेटवर्कवर नोंदणी झाली का हे सांगणारी एटी+सीईआरईजी? दुसरा आकडा १ म्हणजे आपल्या नेटवर्कवर, ५ रोमिंगवर, २ अजून शोधतंय, ३ म्हणजे नकार. ३ आला तर सिमचं खातं चालू आहे का हे तेच सिम फोनमध्ये घालून बघा.

एवढं झाल्यावरच एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडणारं नाव. जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. यंत्रांसाठीचं १३ अंकी नंबरचं एम-टू-एम सिम असेल तर एपीएन कंपनीच देते, हे एपीएन तिथे चालणार नाहीत. प्रकार ‘आयपीव्ही४व्ही६’ ठेवा. नुसता आयपीव्ही४ ठेवल्यावर पत्ता मिळूनही काही साइट न उघडणं हा नेहमीचा त्रास आहे. स्वतःच्या स्क्रिप्टने क्यूएमआय चालवत असाल आणि पत्ताच मिळत नसेल, तर इंटरफेसवर ‘रॉ आयपी’ चालू केलंय का पाहा. नव्या कार्डांना ते लागतंच.

नेट चाललं नाही म्हणून फोनचा आयएमईआय मोडेमवर लिहायचा सल्ला कुठे दिसला तर तो अजिबात मानू नका. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट २०२३ नुसार ओळख क्रमांकात फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि शेतावरच्या किंवा साइटवरच्या मशीनला घरून जोडायचं असेल, तर राउटरसारखं पोर्ट फॉरवर्ड करण्यात वेळ घालवू नका. मोबाइल कंपन्या साध्या सिमला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता देत नाहीत, हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. बाहेरून आत येता येत नाही, तेव्हा मशीननेच बाहेर जोडणी करायला हवी. मशीनवर वायरगार्ड हे व्हीपीएन (दोन टोकांमधली खासगी जोडणी) बसवा, दुसरं टोक सार्वजनिक पत्ता असलेल्या सर्व्हरवर ठेवा आणि ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद द्या, म्हणजे मधली वाट बंद होत नाही.