मंगळाची रंगीत तालीम: चार तासांच्या फेरीचा आराखडा

मंगळावर माणूस कसा राहील, तळाबाहेर सूट घालून फेरी कशी मारेल, याची तालीम पृथ्वीवरच करतात. अमेरिकेत युटाच्या वाळवंटातलं मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन असो, हवाईतल्या मौना लोआच्या उतारावरचं हाय-सीज असो, नाहीतर ह्यूस्टनमध्ये चौघांनी जून २०२३ पासून ३७८ दिवस काढलेलं नासाचं थ्रीडी प्रिंटरने छापलेलं घर असो, बाहेरच्यांना दिसतो तो सूट आणि हेल्मेट. तालीम खरी फसते ती मात्र घड्याळावर. मंगळापर्यंत संदेश पोहोचायला, अंतराप्रमाणे, एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे दगड हातात धरून ‘हा घेऊ का?’ असं विचारून उत्तराची वाट पाहत उभं राहणं परवडत नाही. फेरीचा मार्गच असा आखायचा की उत्तर येईपर्यंत पथक दुसरं काहीतरी उपयोगाचं करत असेल.

आधी प्रश्न ठरवा, आणि तो एकच असू द्या. दख्खनच्या बेसाल्टवर तालीम करणार असाल तर चांगला प्रश्न असा: ‘लाव्हाच्या कोणत्या थरातून नंतर पाणी झिरपलं?’ थराच्या माथ्याकडच्या पोकळ्यांत पांढरं झिओलाइट, म्हणजे पाणी झिरपून तयार होणारं खनिज, भरलेलं असतं, दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबडी माती सापडते. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनीही तिथे ॲनालसाइम हे झिओलाइट ओळखलेलं आहे, त्यामुळे प्रश्न ओढूनताणून आणलेला ठरत नाही. ‘भूशास्त्रीय पाहणी करणे’ हा प्रश्न नव्हे. अशा फेरीतून पिशवीभर दगड येतात आणि उत्तर येत नाही.

नकाशा वरूनच काढायचा. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रात एक पिक्सेल २५ ते ३० सेंटीमीटरचा असतो, तेव्हा जेमतेम मीटरभराचा धोंडा ओळखू येतो. तुमच्या जागेची उपग्रहचित्रंही तेवढ्याच बारकाईची घ्या, गावांची आणि रस्त्यांची नावं काढून टाका, १०० मीटरची चौकट आखून ए३ कागदावर छापा. पथकातल्या कुणीही आधी जागेवर जाऊन यायचं नाही. जागा फक्त सुरक्षा पाहणाऱ्या माणसाने पाहून ठेवायची, आणि त्याने तोंड बंद ठेवायचं.

वरच्या चित्रातून आकार कळतो, जमिनीचा पोकळपणा कळत नाही. नासाचा मंगळावरचा स्पिरिट रोव्हर २००९ मध्ये वरून घट्ट दिसणाऱ्या कवचातून खालच्या मऊ मातीत रुतला आणि पुन्हा निघालाच नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याला पर्यायी वाट नकाशावर आधीच काढून ठेवा. मंगळावर जीपीएस नाही, आणि ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नसल्यामुळे होकायंत्रही निरुपयोगी. बेसाल्टवर तर पृथ्वीवरचं होकायंत्रसुद्धा जागोजागी भरकटतं. दिशा सूर्यावरून आणि टेकडीच्या खुणांवरून धरा. जीपीएस मोहोरबंद पाकिटात बरोबर असू द्या. ते फोडलं की तालीम थांबली असं समजायचं.

आता हिशेब. एकूण २४० मिनिटं. सूट घालून धोंड्यांवरून ताशी २ किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका. एअरलॉकमध्ये, म्हणजे तळाच्या दोन दारांमधल्या हवाबंद खोलीत, नाटकापुरतं थांबणं जाताना ५ आणि येताना ५ मिनिटं. राखीव वेळ पाचवा हिस्सा, म्हणजे ४८ मिनिटं. ती कामासाठी न वापरता शिल्लक ठेवायची. थांबे तीन, तळापासून अर्धा, एक आणि दीड किलोमीटरवर.

वरच्या वेगाने पहिल्या थांब्यावर विसाव्या मिनिटाला पोहोचता. तिथे १५ मिनिटं फक्त पाहणी: फोटो, मोजमाप, नमुन्याच्या तीन उमेदवार जागांना अ, ब, क अशी नावं. हातोडा चालवायचा नाही. ३५ व्या मिनिटाला माहिती पाठवून पुढे निघा. दुसऱ्या थांब्यावर ५० ते ६५ तेच. तिसऱ्यावर ८० ते ११०, आणि तिथे पाहणी व नमुना दोन्ही उरकायचं. मग परत फिरून १२५ व्या मिनिटाला दुसरा थांबा, १५५ व्या मिनिटाला पहिला, प्रत्येकी १५ मिनिटं नमुन्यासाठी. १९० व्या मिनिटाला तुम्ही आत.

एका बाजूचा विलंब १० मिनिटं धरा. दुसऱ्या थांब्याची माहिती ६५ ला निघते, ७५ ला ‘पृथ्वी’वर पोहोचते, तिथल्या तज्ज्ञांनी २५ मिनिटं खल केला तरी उत्तर ११० ला हातात पडतं. विलंब २० केला की तेच उत्तर १३० ला येतं, आणि पथक १२५ लाच तिथे येऊन ताटकळतं. अशा वेळी चालण्याचा वेग वाढवू नका, खलाचा वेळ २० मिनिटांवर आणा. तिसऱ्या थांब्याचं उत्तर वेळेत येणं शक्यच नाही. तिथला निर्णय पथकाचा, आणि त्याचा नियम निघण्यापूर्वी लेखी हवा: पांढरं भरण दिसलं तर ते, नसेल तर तांबड्या थराला टेकलेला दगड.

नासाच्या ‘बेसाल्ट’ नावाच्या प्रकल्पात आयडाहो आणि हवाईच्या लाव्हावर ५ आणि १५ मिनिटांच्या विलंबाने हाच खेळ खेळला गेला: आधी उमेदवार जागा दाखवायच्या, दूरच्या शास्त्रज्ञांनी क्रम लावायचा, मग नमुना.

विलंब राबवायला खास यंत्रणा लागत नाही. एक माणूस, एक घड्याळ, एक वही. दोन्हीकडचे संदेश त्याच्याकडे यायचे, वेळ नोंदवून तो दहा मिनिटांनी पुढे सोडणार. हा माणूस खमका हवा. ‘एवढंच सांग ना’ला बधला की विलंब संपला. संदेशातही एकच प्रश्न, आणि ‘उत्तर नाही आलं तर आम्ही असं करू’ हे शेवटचं वाक्य सक्तीचं.

सूटमध्ये हेल्मेट कधीही हवाबंद करू नका; श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून डोकं दुखतं, गरगरतं. १२ व्होल्टचा, पाव अँपियर घेणारा पंखा चार तासांत १ अँपियर-तास खातो. बॅटरी दुप्पट घ्या. पंखा बंद पडला की काच वर, चर्चा नंतर. काचेवर वाफ धरू नये म्हणून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसा. पाणी तासाला अर्धा लिटर, नळीतून. आपल्याकडे हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. खऱ्या संकटासाठी एक शब्द ठरवा, जो खेळात कुणीही वापरणार नाही.

जाड हातमोज्यांनी लिहिता येत नाही, म्हणून पिशव्यांवर क्रमांक आदल्या रात्रीच टाका. फोटो तीन: उचलण्याआधी, मोजपट्टीसह, उचलल्यावर उरलेल्या खड्ड्याचा. मुठीएवढा बेसाल्ट साधारण अर्धा किलो भरतो, तेव्हा सहा नमुने पुरेत. एक पिशवी फक्त उघडून, काहीही न भरता बंद करा. तुमचाच मळ नमुन्यात किती शिरला हे तिच्यावरून कळतं. नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या नमुन्यांच्या ४३ नळ्यांपैकी पाच अशाच साक्षीदार नळ्या आहेत. आणि पिशवी भरल्यावर उघडून पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच रोव्हरची पहिली नळी रिकामी निघाली, कारण दगडाचा आतल्या आत भुगा झाला होता.

लोणारचं विवर बेसाल्टमधलं म्हणून सगळ्यांना खुणावतं. पण ते अभयारण्य आहे. तिथे फक्त फोटो काढा, वनखात्याच्या परवानगीशिवाय खडाही उचलू नका.

मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. तेही पाळायचा मोह दोन आठवड्यांच्या तालमीत टाळा: चौदा दिवसांत घड्याळ नऊ तासांहून जास्त सरकतं आणि फेऱ्या अंधारात जातात.

दुसऱ्या दिवशी एका भूशास्त्रज्ञाला सूट न घालता, विलंब न पाळता, त्याच वाटेने पाठवा. त्याने काय उचललं असतं याची यादी घ्या आणि तुमच्या पिशव्यांशेजारी ठेवा. जे सुटलं त्यापुढे कारण लिहा: काचेतून दिसलं नाही, वेळ नव्हता, की उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आलं. पुढच्या फेरीचा नकाशा त्या रकान्यावरून आखायचा.