आल्पस्टाइनला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

पूर्व स्वित्झर्लंडमधली ही रांग तशी छोटीच, सगळ्यात उंच सेंटिस 2502 मीटर, पण सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे लगेच घरच्यासारखं वाटतं, कारण असेच उभे कडे आणि गुहा. झुरिकहून ट्रेनने गोसाऊ, तिथून आपेनझेलची लाल गाडी पकडून शेवटचं स्टेशन वासरआउएन, साधारण दोन तास.

पहिल्या वेळेस केबल कारने एबेनाल्पला (1644 मीटर) जा आणि चालत उतरा. मधूनमधून मेंटेनन्ससाठी ती बंद असते, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा. वरून पंधरा-वीस मिनिटांत विल्डकिर्खलीची गुहा लागते, आत अंधार आणि ओल, जपून चाला, इथे निअँडरथल माणसांची दगडी हत्यारं सापडलीत आणि 1658 पासून जवळजवळ दोनशे वर्षं साधू राहायचे! गुहेतून बाहेर पडलात की कड्याला चिकटलेलं एशर हे लाकडी गेस्टहाउस, फोटोत बघता ते हेच.

आता महत्त्वाचं. एशरहून सेआल्पसे तलावाकडे जाणारी वाट अगदी तीव्र उताराची आहे, पाऊस झाला असेल तर त्या वाटेने उतरूच नका, परत एबेनाल्पला जाऊन केबल कारने खाली या. आपण कातळटप्पे चढलेलो असतो म्हणून साध्या स्पोर्ट शूजवर निघतो, पण ओला चुनखडीचा दगड आपल्या काळ्या कातळासारखा पाय धरत नाही. चांगली ग्रिप असलेले बूट आणि गुडघ्यांसाठी काठ्या हव्यातच. वाटेच्या खुणा नीट बघा, नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला तर अनुभव नसताना जाऊ नका. सेंटिसहून रोटश्टाइनपासला जाणारी लिझेनग्राटची धार तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा, तिथे लोखंडी दोर धरून चालावं लागतं आणि जूनमध्येही बर्फ असू शकतो.

वासरू सोबत असलेल्या गाईच्या जवळ अजिबात जायचं नाही, लांबून वळसा घाला.

सायकलवाल्यांनी उर्नेशहून श्वेगाल्पचा घाट (1278 मीटर) करावा, डांबरी रस्ता आहे, शेवटी चढ चांगलाच दमवतो आणि समोर सेंटिसची अख्खी भिंत उभी राहते. वीकेंडला मोटरसायकली खूप असतात म्हणून सकाळी लवकर निघा. ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

अपघात झाला तर हेलिकॉप्टर रेस्क्यूचा नंबर 1414, आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.