मेडिकल ॲडमिशन आणि फर्स्ट इयर: या चुका टाळा, मार्क असूनही सीट जाते

नीटचा रिझल्ट लागला की घरोघरी एकच हिशोब सुरू होतो, मार्क किती, रँक किती, मागच्या वर्षीचा कटऑफ किती. ते बघायलाच हवं, पण ७२० पैकी जे यायचे ते आले, ते काही आता बदलणार नाहीत. त्यानंतरचे दोन-तीन महिने मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतात आणि नेमके तेच पोरं आणि पालक 'बघू नंतर' करत घालवतात. ज्युनिअर्सचे फॉर्म भरून द्यायला बसलं की दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हे सगळं महाराष्ट्रातल्या एमबीबीएससाठी आहे, बाकी राज्यांचे नियम वेगळे असतात.

आधी नीटच्या फॉर्मचं बघू, कारण पहिली माशी तिथेच शिंकते. नेट कॅफेवाल्याकडे जाऊन फॉर्म भरायचा आणि त्याचाच मोबाईल नंबर, त्याचाच ईमेल टाकून मोकळं व्हायचं, हे अजूनही सर्रास चालतं. पुढे काउन्सेलिंगच्या (रँकप्रमाणे कॉलेज वाटतात त्या प्रक्रियेच्या) वेळी ओटीपी त्याच्या फोनवर जाणार आणि तो नेमका गावाला गेलेला असणार. नंबर आपला, ईमेल आपला, पासवर्ड वहीत लिहिलेला, आणि वर्षभर सिम बदलायचं नाही. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच्या तसं पाहिजे, आधारवर आडनाव आधी आणि मार्कशीटवर शेवटी असले घोळ असतील तर आधार आधी दुरुस्त करून घ्या. फॉर्मला जो फोटो लावला त्याच्या जास्तीच्या कॉप्या काढून ठेवा, परीक्षेला आणि नंतर ॲडमिशनलाही तोच लागतो. कॅटेगरी चुकली असेल तर करेक्शन विंडो उघडते तेव्हाच बदला, 'ॲडमिशनच्या वेळी सांगू' म्हणून सोडू नका.

आणि बारावी विसरू नका हो. नीट चांगली गेली की बोर्डाची किंमत शून्य असं क्लासमध्ये कोणीतरी डोक्यात भरवतं, पण फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ओपनला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतातच, शिवाय इंग्लिशमध्ये पास पाहिजे. नीटला चांगला स्कोअर आणि बोर्डात पीसीबी ४८ टक्के, अशी केस झाली की कोणी काही करू शकत नाही. वयाचंही बघा, ॲडमिशनच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात.

कागदं, कागदं आणि कागदं

सगळ्यात महागात पडणारी चूक तर दोन वर्षं आधीच होऊन जाते. पोरगं कोटाला पाठवायचं आणि ॲडमिशन पण तिकडच्याच कुठल्यातरी शाळेत, म्हणजे बारावी राजस्थानातून. महाराष्ट्राच्या ८५ टक्के स्टेट कोट्याला नुसतं डोमिसाईल चालत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागतात. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बदलीवाल्यांना वगैरे काही सवलती आहेत, पण हौसेने बाहेर गेलेल्यांना नाहीत. क्लास कुठेही लावा, बारावीचा फॉर्म इथूनच भरा. हे अकरावीच्या आधी कळलं तरच उपयोग आहे, नंतर कळून फक्त हळहळ.

दुसरं म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हे ज्या घरात पहिल्यांदाच कोणी मेडिकलला चाललंय तिथे माहीतच नसतं. दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो, व्हॅलिडिटी जात पडताळणी समिती देते आणि त्यासाठी वडिलांचे, आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या नोंदी असलं सगळं जमवावं लागतं. सायन्सला अकरावीत ॲडमिशन घेतली की त्याच वर्षी कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज टाकून द्या. जूनमध्ये रिझल्ट लागल्यावर समितीच्या ऑफिसबाहेर जी गर्दी होते त्यात उभं राहून काही होत नाही. व्हॅलिडिटी नसेल तर तुम्हाला ओपनमध्ये टाकतात, कधी सरकार मुदतवाढ देतं कधी देत नाही, त्या भरवशावर बसणं म्हणजे जुगार आहे. समितीने त्रुटी काढली तर मेसेज येतो, तो वाचला गेला नाही म्हणून फाईल तशीच पडून राहिलीय असंही होतं, म्हणून अधूनमधून पोर्टलवर स्टेटस बघत जा.

नॉन क्रिमिलेअर सर्टिफिकेटवर (घरचं उत्पन्न मर्यादेत आहे याचा दाखला) 'वैध मुदत' लिहिलेली असते, ती ३१ मार्चला संपते. जुनं सर्टिफिकेट फाईलमध्ये आहे म्हणून निवांत राहिलेले लोक व्हेरिफिकेशनच्या टेबलावर घाम पुसताना दिसतात. एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका.

आता गोंधळाची जागा. राज्याचं आरक्षण आणि केंद्राचं आरक्षण एक नाही. केंद्राकडून भरतात त्या ऑल इंडियाच्या १५ टक्के सीटांसाठी ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे गट तिकडे नसतातच, केंद्राच्या यादीत नाव असेल तर ओबीसी, नसेल तर ओपन. एसईबीसीचे (मराठा आरक्षणाचे) १० टक्के फक्त राज्यात आहेत, तिकडे नाहीत. म्हणजे एकाच मुलाला दोन काउन्सेलिंगमध्ये दोन वेगळ्या कॅटेगरी असू शकतात आणि दोन्हीचे कागद वेगळे काढावे लागतात. तहसीलला एका खेपेत दोन्ही नमुने मागा, क्लार्क कटकट करेल, करू दे.

बाकी डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, गॅप असेल तर ॲफिडेव्हिट, मेडिकल फिटनेस (तो ब्रोशरमधल्याच नमुन्यात, डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी चालत नाहीत). सगळं ओरिजिनल एका फाईलमध्ये, झेरॉक्सचे भरपूर सेट, आणि स्कॅन स्वतःच्या मेलवर. कॉलेजला ओरिजिनल एकदा जमा झाले की स्कॉलरशिपच्या वेळी काय करणार?

प्रेफरन्स भरताना

दोन वेगळ्या गाड्या आहेत हे आधी डोक्यात फिट करा. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के ऑल इंडिया सीटा, एम्स, जिपमर आणि सगळ्या डीम्ड (अभिमत) युनिव्हर्सिटी हे एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडे. सरकारी कॉलेजातल्या राहिलेल्या ८५ टक्के आणि राज्यातली प्रायव्हेट कॉलेजं राज्याच्या सीईटी सेलकडे. दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळे पैसे, वेगळ्या तारखा. 'मी नीटचा फॉर्म भरला होता ना' म्हणणारे दरवर्षी भेटतात, आणि एका ठिकाणी नाव नोंदवलं की दुसरीकडे आपोआप जातं असं समजणारेही. पुण्याच्या एएफएमसीचं (सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजचं) तर अजून वेगळं, नाव एमसीसीवर नोंदवायचं पण पुढे त्यांची स्वतःची टेस्ट, इंटरव्ह्यू आणि मेडिकल असतं.

प्रेफरन्स लिस्टमध्ये सगळ्यात कॉमन चूक म्हणजे कटऑफ बघून क्रम लावणं. 'मला हे मिळणार नाही, म्हणून मिळणारं कॉलेज वर टाकतो.' अहो, कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो, जे पहिलं बसेल ते देतो. वरचं नाही मिळालं तर नुकसान काहीच नाही, पण सोपं कॉलेज वर टाकलं आणि ते मिळालं तर खालचं चांगलं कॉलेज त्या राऊंडला गेलं. आवडीचा क्रम लावा, बस.

याच्या बरोबर उलटी चूक पुढच्या राऊंडला होते. पहिल्या राऊंडला कॉलेज मिळालं, जॉईन पण केलं, मग दुसऱ्या राऊंडला लिस्ट भरताना हातातल्या सीटपेक्षा नावडती कॉलेजंही उगाच भरली. त्यातलं एक लागलं तर जुनी सीट आपोआप जाते, परत मिळत नाही, रडून उपयोग नाही. हातातल्या कॉलेजपेक्षा जे खरंच बरं वाटतं तेवढंच भरायचं. आणि आहे त्यात समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शनचा (हीच सीट कायम ठेवायचा) फॉर्म द्या, पण दिला की पुढचे राऊंड बंद, हे घरच्यांशी बोलून मगच. एमसीसीकडे पहिल्या राऊंडला सीट सोडली तर काही जात नाही, दुसऱ्या राऊंडपासून डिपॉझिट जातं (डीम्डसाठी ते दोन लाख आहे, किरकोळ नाही), आणि तिसऱ्या राऊंडला जॉईन झालात की तिथेच अडकलात. स्ट्रे राऊंडला (शेवटी उरलेल्या सीटांच्या फेरीला) तर गंमत म्हणून चॉईस भरूच नका. नियमात दरवर्षी थोडं इकडेतिकडे होतं म्हणून त्या वर्षीचं ब्रोशर स्वतः वाचा, काकांच्या मित्राच्या मुलीच्या वेळी काय झालं ते ऐकून ठरवू नका. अजूनही ७०-३० चा प्रादेशिक हिशोब (७० टक्के सीटा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाकीच्यांना) सांगणारे लोक आहेत, तो नियम २०२० मध्येच गेला.

जुनं कॉलेज की नवीन, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत सरळ आहे, पेशंट बघा. १८४५ चं ग्रँट, परळचं जीएस, पुण्याचं बीजे, नागपूरचं जीएमसी इथे वॉर्ड ओसंडून वाहत असतात, शिकायला मिळतंच मिळतं. २०२४ मध्ये जालना, बुलढाणा, वाशिम, गडचिरोली, हिंगोली असे दहा ठिकाणी नवीन सरकारी कॉलेज सुरू झाले, तिथे बिल्डिंग, हॉस्टेल, स्टाफ यांचं अजून जमतंय, पण सिव्हिल हॉस्पिटलला पेशंट असतात आणि फी सरकारी असते. प्रायव्हेटला जाऊन कर्ज काढण्यापेक्षा मी नवीन सरकारी घेईन. प्रायव्हेट घ्यायचं असेल तर एकदा दुपारी ओपीडीत जाऊन बसून या, वेबसाईटवरचे चकाचक फोटो सोडा.

पैशाचं थोडक्यात. 'मॅनेजमेंटची सीट बुक करून ठेवतो, टोकन द्या' म्हणणारा माणूस फोन करतो, त्याचा नंबर ब्लॉक करा, प्रायव्हेटचा १५ टक्के इन्स्टिट्यूट कोटासुद्धा नीटच्या मेरिटनेच भरतात, आणि राज्यात कॅपिटेशन फी १९८७ पासून कायद्याने बंद आहे. प्रत्येक प्रायव्हेट कॉलेजची मंजूर फी फी नियामक प्राधिकरणाच्या साईटवर असते, कॉलेज त्यावर जास्त मागत असेल तर लेखी मागा. मुलींसाठी २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसीमध्ये वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून (सीईटी सेलच्या प्रवेश फेऱ्यांमधून) ॲडमिशन झाली तरच आणि डीम्डला नाही. घाईत डीम्ड घेऊन नंतर हे कळणारे पालक आहेत. सरकारी कॉलेजला एक वर्षाचा बॉण्ड (पास झाल्यावर सरकारी सेवेची अट) आहे, सही करण्याआधी वाचा एवढंच.

ॲडमिशन झाली, आता

साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. फर्स्ट इयरला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेम. आणि इथे टॉपर पोरं का आपटतात तर नीटची सवय सुटत नाही. दोन वर्षं चार पर्यायातून गोल काळा करायची सवय लागलेली असते, इथे पेपरला पानंच्या पानं लिहायची, डायग्राम काढायच्या आणि वायवाला (तोंडी परीक्षेला) सरांसमोर बोन हातात घेऊन तोंडाने सांगायचं. येतंय पण बोलता येत नाही, याला मार्क नाहीत. पहिल्या टर्मिनल परीक्षेच्या आधीपासून रोज रूममेटला काहीतरी मोठ्याने समजावून सांगायची सवय लावा, इंग्लिश मोडकं असलं तरी. मराठी मीडियमवाल्यांनो, हे दोन-तीन महिन्यात बसतं, खरंच. आणि वॉर्डात गेल्यावर उलटं होतं, बाहेरच्या राज्यातली पोरं पेशंटला 'कुठे दुखतंय' विचारायला तुम्हालाच बोलावतात.

पुस्तकं पहिल्याच आठवड्यात ढीगभर विकत घेऊ नका, सीनिअरकडे असतात, लायब्ररीत असतात. डिसेक्शनला नुसतं मागे उभं राहू नका, पुढे व्हा, फॉर्मलीनने डोळे चुरचुरतात पण सवय होते. चक्कर आली तर बाहेर जाऊन बसा, पाणी प्या, परत या, बऱ्याच जणांना होतं ते. जर्नल आणि सबमिशन साठवू नका. अटेंडन्स थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते आणि 'शेवटी बघून घेतात' ही अफवा आहे.

रॅगिंग बद्दल, 'इंट्रो आहे रे, सगळ्यांची होते' असं म्हणून गप्प बसू नका. राज्यात १९९९ पासून कायदा आहे, अँटी रॅगिंग हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ आहे, नाव न सांगताही तक्रार करता येते. बरेचसे सीनिअर चांगले असतात, नोट्स देतात, घाबरलात तर जेवायला पण नेतात, म्हणून सगळ्यांनाच टाळत बसू नका.

दुसरी टोकाची चूक म्हणजे फक्त रूम आणि लायब्ररी. मेडिकल कॉलेज इतकं काही देतं, गॅदरिंग, स्पोर्ट्स, गावात कुटुंब दत्तक घेऊन त्यांच्या घरी जाऊन बीपी-शुगर बघायचा प्रोग्रॅम, पुढे सेकंड इयरला आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप करून छोटा रिसर्च करता येतो. यातलं निदान एक तरी धरा. आणि झोप लागत नाही, जेवण जात नाही, घरी फोन करायची इच्छा होत नाही असं चाललं असेल तर सायकियाट्री ओपीडी आपल्याच आवारात आहे, केसपेपर काढायची लाज वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ रात्रीपण चालू असतो.

आणि समजा फर्स्ट इयरला एखादा विषय राहिलाच, तर घरी खोटं बोलू नका. सप्लीमेंटरी होते, त्यात निघालात तर आपल्याच बॅचबरोबर पुढे जाता. फर्स्ट एमबीबीएसला जास्तीत जास्त चार अटेम्प्ट आहेत, त्यामुळे 'पुढच्या वेळी काढू' असं सलग म्हणत राहायची सोय नाही. कुठे मार्क गेले, थिअरीला की प्रॅक्टिकलला, हे मार्कशीट घेऊन डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा, लेक्चरर लोक सांगतात, तेवढ्यासाठी गेलेल्या पोराला आजपर्यंत कोणी हाकललेलं मी पाहिलं नाही.