गच्चीवर रंगवा ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’

१९७५ साली आलेला हा चित्रपट आधी आपटला. १९७६पासून न्यू यॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरातल्या मध्यरात्रीच्या खेळांनी त्याला तारलं. नुसतं बघण्यात त्याची अर्धीच मजा. प्रेक्षकांनी पडद्याशी बोलायचं, नाचायचं, तेव्हा तो रंगतो. विषय प्रौढांचा आहे, मुलं झोपल्यावरच लावा.

इंदुरात मे महिन्यात आठच्या आधी पुरेसा अंधार होत नाही. पांढरी चादर दुहेरी करून, इस्त्री मारून, चारही कडांनी ताणून बांधा. खालची कड सुटी राहिली की वाऱ्यात चेहरे वेडेवाकडे होतात. आवाज ब्लूटूथवरून देऊ नका. तो किंचित मागे पडतो, आणि सुरुवातीलाच पडदाभर लाल ओठ गातात, तिथे ते लगेच खटकतं. ऑक्सची वायर लावा.

पहिल्याच लग्नाच्या प्रसंगात तांदूळ उधळायचे. अक्षतांची सवय आपल्याला आहेच, पण कुंकू लावू नका, चादरीला डाग पडतात. माणशी एक मूठ बास. लादीवरचे दाणे लगेच झाडून घ्या, नाहीतर नाचताना पाय घसरतो. पावसात नायिका जॅनेट डोक्यावर वर्तमानपत्र धरते, तेव्हा सगळ्यांनी धरायचं. पाणी स्प्रेच्या बाटलीतून उडवा, तेही प्रोजेक्टर आणि वायरींपासून लांब.

चित्रपटातल्या ‘टाइम वॉर्प’ गाण्यावरचा नाच खेळाआधीच शिकवा: डावीकडे उडी, उजवीकडे पाऊल, हात कमरेवर, गुडघे आत, मग कमरेचे झटके. कोणीतरी उलट्या बाजूला उडी मारतंच, म्हणून दोघांत हातभर अंतर ठेवा.