पूरग्रस्तांसाठी औषधं गोळा करताय? मग या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

मी मेडिकलवाला, फार्मसी शिकलेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडं पूर आला तेव्हा आम्ही चार-पाच जण दानात आलेली औषधं घेऊन शिरोळ तालुक्यात गेलो होतो आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी घोळ आम्हीच घातला.

मुळात "जे असेल ते द्या" असा मेसेज फिरवू नका. आम्ही फिरवला, मग खोकीच्या खोकी आली, खोकल्याची सिरपं, फोडलेले आय ड्रॉप्स आणि कापलेल्या स्ट्रिपा. आता स्ट्रिपवर बॅच नंबर आणि एक्सपायरी बऱ्याचदा एकाच टोकाला असते, नेमकं तेच टोक आधी कापलं जातं, मग हातात उरतात चार गोळ्या, नाव अर्धं आणि तारीख गायब. "अहो मागच्याच महिन्यात आणल्यात" म्हणणाऱ्या काकूंना नाही म्हणणं जिवावर येतं, पण म्हणायचंच. डब्ल्यूएचओनं 1996 मध्येच दानाच्या औषधांचे नियम काढलेत, पेशंटच्या घरून परत आलेलं औषध चालत नाही आणि पोचताना एक्सपायरीला किमान 1 वर्ष बाकी हवं.

दुसरं, पूर म्हटलं की आपल्या डोक्यात ताप-जुलाब. पण लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेले असतात, फाईल गेली, गोळ्या गेल्या. खरी ओरड असते बीपी, शुगर, थायरॉइड आणि फिटच्या गोळीची, आणि फिटची गोळी अचानक बंद झाली तर फिट येऊ शकते. म्हणून आधी छावणीत फोन करा, यादी घ्या, मग गोळा करा.

इथं एक गोची होते. एका आजोबांना डॉक्टरांनी बीपीची तीच गोळी दुसऱ्या कंपनीची लिहिली, जुनी गुलाबी खिशात होतीच, ही पांढरी, त्यांनी दोन्ही घेतल्या आणि उठताना चक्कर येऊन बसले. तेव्हापासून मी कंपनीचं नाव बघतच नाही, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बघतो आणि पेशंटला खिसा रिकामा करायला लावतो. आणि हो, फार्मसिस्ट असलो तरी शेड्यूल एचचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, सोबत डॉक्टर न्याच.

ओआरएसचं तर विचारू नका. अख्खं पाकीट एका ग्लासात, किंवा बाळाला एवढं कशाला म्हणून चिमूटभर. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात एकदम ओतायचं, 24 तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. 200 मिलीची छोटी पाकिटंपण येतात, त्यामुळं दोन्ही एका खोक्यात टाकू नका. पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या तर खायच्या औषधांपासून लांबच ठेवा, पाकीट हुबेहूब औषधाच्या गोळ्यांसारखंच दिसतं, कोणीतरी गिळणारच.

लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, डॉक्सीसायक्लिन लिहून दिली असेल तर भरपूर पाण्यासोबत, आणि गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, घशाखाली जळजळतं. गरोदर बाई असेल तर गोळी हातात देण्याआधी डॉक्टरांना परत विचारा.

इन्सुलिन? न फोडलेलं 2 ते 8 डिग्रीत. थेट बर्फावर ठेवलं तर गोठतं, आणि गोठलेलं वितळलं तरी फेकायचंच. आमच्या दोन व्हायल अशाच गेल्या, तेही गाडीतल्या थर्मासमध्ये. मध्ये जाडसर कापड घालायचं एवढं साधं सुचलं नाही!

पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या, वाचता न येणाऱ्यालाही सकाळ-रात्र कळते.

शेवटी उरलेलं खोकं शाळेच्या वर्गात ठेवून निघू नका, पोरं उघडतात. प्रत्येक औषधाचं नाव, नग, एक्सपायरी लिहून पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) फार्मसिस्टला द्या, पण आधी त्यांना हवंय का ते विचारा, त्यांच्याकडं आधीच ढीग लागलेला असतो.